काविळीचा रविवार

अंगणात चपलांचा ढीग पडलाय आणि तो ओलांडल्याशिवाय पडवीपर्यंत पोचता येत नाही. सकाळचे सात वाजताहेत. कऱ्हाडच्या पुढे, कृष्णाकाठच्या या वाडीत दर रविवारी आणि बुधवारी काविळीचं औषध मिळतं. उपाशीपोटी यायचं आणि ऊन चढायच्या आत घ्यायचं अशी रीत, त्यामुळे माणसं अंधारातच निघून आलीत. एका मोटरसायकलवरून तिघं उतरतात, मधला पिवळा. वडापच्या जीपमधून एक अख्खं कुटुंब उतरतं. बसायला पोती अंथरलीत. कुणी फारसं बोलत नाही. सगळे एकमेकांचे डोळे बघताहेत, कुणाचे जास्त पिवळे, कुणाचे कमी.

मी शेजारच्या वहिनींबरोबर आलेय. त्यांचा धाकटा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आधी ताप आला, मग अन्नावरची वासना गेली, मग लघवी गडद झाली, आणि परवा सकाळी आरशात त्यालाच स्वतःचे डोळे पिवळे दिसले. "कावीळ डॉक्टरची नव्हेच," वहिनी ठामपणे म्हणाल्या, "तिला झाडपाल्याचंच औषध लागतं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही. त्या येणारच होत्या. म्हणून गाडी काढताना मी एवढंच कबूल करून घेतलं, की परतताना दवाखान्यात जायचं आणि रक्त तपासायचं.

औषध देणाऱ्यांना सगळे आण्णा म्हणतात. साठी उलटलेली, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. पैसे मागत नाहीत. देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवायचा, उदबत्ती लावायची, वाटलं तर पेटीत काही टाकायचं. ही विद्या त्यांना वडिलांकडून आली, आणि पैसे घेतले तर हाताचा गुण जातो असं ते मनापासून मानतात. आवाज मऊ आहे. म्हाताऱ्या माणसाला पाटावर बसवताना स्वतः उठून हात देतात. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही, त्यांना इथे नाव-गाव विचारलं जातं, किती दिवस झाले, जेवण जातं का, झोप लागते का, हे विचारलं जातं. माणसं इथे का येतात याचं निम्मं उत्तर मला इथेच मिळतं.

मुलाचा नंबर येतो. पाटासमोर पितळी परात आहे. आण्णा आधी एका वाटीतला तपकिरी रस घेऊन त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळतात. रसाला तुरट वास आहे. ओठ हलतात, मंत्र ऐकू येत नाही. मग ते कळशीतून तांब्याभर चुन्याची निवळी घेतात. मी वाकून पाहते: निवळी स्वच्छ आहे, तांब्याचा तळ दिसतोय. मुलगा परातीवर हात धरतो. आण्णा कोपरापासून धार सोडतात, आणि बघता बघता रंग उठतो. कोपराशी फिकट, मनगटाशी गडद, बोटांच्या टोकांवरून ठिबकताना अगदी पिवळाजर्द. ते हात चोळायला सांगतात, पुन्हा पाणी सोडतात. परातीत हळद कालवल्यासारखं पाणी साचतं.

"उतरली," मागून कुणी तरी म्हणतं. "लई उतरली."

वहिनींनी डोळे मिटून हात जोडलेत. गेले दोन दिवस त्या या पोराच्या अंगावरचा पिवळेपणा फक्त वाढताना बघताहेत. आज पहिल्यांदा तो त्याच्या अंगातून निघून परातीत पडताना त्यांना दिसला. डॉक्टरच्या कुठल्याही कागदावर आईला असं काही दिसत नाही. या दृश्याची ताकद मी कमी लेखत नाही. म्हणूनच ते खोटं आहे हे मला जास्त लागतं.

"आण्णा, माझेही हात धुता?" मी विचारते. ते क्षणभर माझ्याकडे बघतात आणि पाट दाखवतात. तोच रस, तीच निवळी. माझ्या कोपरावरून तीच पिवळी धार उतरते, तितकीच गडद. मला कावीळ नाही. डोळे पांढरे आहेत, आणि नुकत्याच करून घेतलेल्या तपासणीत यकृताचे सगळे आकडे ठीक आहेत. "तुमच्या अंगात बी मुरलीया ताई," आण्णा शांतपणे म्हणतात. "दोन रविवार या."

पडवीमागे जुना आंबा आहे. बुंध्यावर पुरुषभर उंचीपर्यंत साल खरवडल्याच्या ताज्या खुणा. वाटीतला रस याच सालीचा. आंब्याच्या सालीतली द्रव्यं चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात पिवळी पडतात, हात कुणाचाही असो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हाच प्रयोग शाळांतून, यात्रांतून करून दाखवत आलेत, निरोगी मुलांना पुढे बोलावून. आण्णांना हे माहीत आहे का? मला तसं वाटत नाही. वडिलांनी जसं दाखवलं तसं ते करतात. त्या क्रमातली कुठली गोष्ट रंग आणते हे त्यांनी कधी वेगळं करून पाहिलेलं नाही, कारण निरोगी माणूस हात धुवायला इथे येतच नाही.

पिवळ्याला पिवळ्यानं ओढायचं ही कल्पना फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात रोग्याचा पिवळेपणा पोपटांवर आणि पिवळ्या पक्ष्यांवर सोपवणारं सूक्त आहे. ग्रीकांकडे खाराद्रियोस नावाचा पक्षी होता. रोग्यानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं रोग्याकडे पाहिलं, की कावीळ पक्ष्यात जाते अशी समजूत होती, आणि प्लूटार्कनं ती नोंदवून ठेवलीय. आपल्याकडे काविळीच्या माणसाला हळद बंद करतात ती याच हिशेबानं, फक्त उलट बाजूनं.

पडवीच्या कोपऱ्यात आण्णांची सून माळा करत बसलीय. मांडीवर सुपात ओल्या, हिरव्या काड्यांचे बारीक तुकडे, गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे. एकेक तुकडा दोऱ्याच्या फासात धरून ती आवळते, लगेच पुढचा. बोटं इतकी सराईत की नजर वर करूनही काम थांबत नाही. माळ इतकी आखूड होते की ती डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. मग ती रोज वाढते, कानांवरून खाली येते, गळ्यात पडते, छातीवर येते. बेंबीला लागली की कावीळ गेली. अंगातली कावीळ माळ शोषून घेते म्हणून ती वाढते, असं सगळे सांगतात.

मी तिच्याजवळ बसते. "आदल्या दिवशी करून ठेवल्या तर सकाळची घाई नाही का टळणार?"

"न्हाई जमत ताई," ती दोरा दातानं तोडत म्हणते. "रातभर खुंटीवर ऱ्हायल्या की लांबत्यात. मग कामाच्या न्हाईत. म्हणून पहाटंच उठावं लागतंय."

तिच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नाही. तिच्यासाठी ही फक्त कामातली अडचण आहे. ओली काडी सुकते, बारीक होते, फास सैल पडतो आणि काडीभोवती गुंतलेला दोरा माळेला मिळत जातो. खुंटीला कावीळ झालेली नसते. हे सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि ते बोलणारीनं आज पहाटेपासून ढीगभर माळा केल्यात.

परात आणि माळ यांनी कुणाला इजा होत नाही. तिसऱ्या कोपऱ्यात जे चाललंय ते मात्र बघवत नाही. तिथे आण्णांचा पुतण्या नाकात औषध सोडतो. देवडंगरीचं वाळलेलं काटेरी फळ रात्रभर पाण्यात भिजवलेलं, त्या कडूजहर पाण्याचे थेंब. एक तरुण शेतकरी मान मागे टाकून बसलाय. थेंब जाताच तो दचकून उठतो, डोळ्यांतून पाणी, शिंका, आणि मग नाकातून पिवळसर पाण्याची धार लागते. ती संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. "निघू दे, सगळी निघू दे," बाजूचे त्याला धीर देतात. निघतंय ते नाकाच्या भाजलेल्या अस्तरातून पाझरणारं पाणी. या थेंबांनी नाकातून रक्तस्राव होतो, आणि आजारी यकृताच्या माणसात रक्त गोठायची शक्तीच कमी झालेली असू शकते. मी वहिनींच्या मुलाचा हात धरून त्याला तिथून बाजूला नेते. या एका बाबतीत वहिनीही माझं ऐकतात. त्यांनाही ते बघवलेलं नाही.

रांगेत एक म्हातारे गृहस्थ सारखं अंग खाजवताहेत. दंडांवर, पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे, काही ठिकाणी रक्त सुकलेलं. गळ्याची हाडं वर आलीत. मुलगा सोबत आहे, तो सांगतो: दीड महिना झाला, वजन उतरतंय, पोटात दुखत नाही म्हणून दवाखान्यात नेलं नाही. हा तिसरा फेरा. आण्णा म्हणतात पांढरी कावीळ आहे, ती चिवट असते.

"शौचाचा रंग कसा आहे?" मी विचारते. मुलगा संकोचतो. म्हातारे स्वतःच उत्तर देतात, "मातीगत. पांढरट."

मला धस्स होतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि मोडतात. त्यांच्या मोडीतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात घालून आतड्यात सोडतं, आणि शौचाला जो रंग असतो तो त्याचाच. शौच पांढरं पडलं याचा अर्थ पित्त आतड्यात उतरतच नाहीये, वाट कुठेतरी बुजलीय. पित्तनलिकेत खडा असेल, नाही तर नलिकेची किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ असेल. न दुखता चढत जाणारी कावीळ, खाज आणि उतरतं वजन असलेल्या साठीच्या माणसात गाठ आहे असं धरूनच शोध घ्यावा लागतो. चरकसंहितेतसुद्धा पांडुरोगाच्या अध्यायात काविळीचा एक प्रकार वेगळा काढलाय, ज्यात कफानं पित्ताची वाट अडते आणि मळ तिळाच्या पिठासारखा होतो. म्हणजे आपल्याच वैद्यांनी एवढ्या जुन्या काळात रोग्याचा मळ पाहून काविळीचे प्रकार वेगळे केले होते. आणि आज, जुन्या परंपरेच्या नावानं चाललेल्या या अंगणात, तो प्रश्न या म्हाताऱ्यांना कुणी विचारलेला नाही.

मी मुलाला बाजूला घेऊन सांगते: उद्याच पोटाची सोनोग्राफी करा, गोळ्या-औषध नंतर, आधी आत काय आहे ते बघा. तो मान हलवतो. "एवढा बुधवारचा फेरा होऊ द्या ताई, मग बघतो." मी पुन्हा सांगते. तो पुन्हा मान हलवतो. माझ्याकडे कागद नाही, शिक्का नाही, पांढरा कोट नाही. मी अंगणात भेटलेली एक बाई आहे.

अंगणाच्या कडेला भिंतीला टेकून एक तरुण पोर बसलीय, सातवा महिना भरत आलेला. डोळे पिवळे आहेत आणि तिला सारखी मळमळतेय. सासू पदरानं वारा घालतेय. "वाडीत आमच्या आणि चौघांना झालीय," सासू सांगते. "नळाला गढूळ पाणी येतंय पंधरा दिवसांपासून."

एका वाडीत एकदम चार-पाच जणांना, आणि तेही गढूळ पाण्यानंतर, म्हणजे हिपॅटायटीस ए किंवा ई. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं की हे दोन विषाणू पसरतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो ई विषाणूचा उद्रेक होता हे साठवलेल्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं. आपल्याकडे २०१२ साली इचलकरंजीनं अशीच साथ सोसली, पंचगंगेच्या दूषित पाण्याची. बाकीच्यांना ई विषाणू बहुधा काही आठवडे त्रास देऊन सोडतो. गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे सगळं मी सासूबाईंना सांगत नाही. एवढंच म्हणते, "मावशी, पोटात बाळ आहे. बाळासाठी तरी आज मोठ्या दवाखान्यात दाखवा. आमच्या गाडीत जागा आहे, आम्ही तिकडेच चाललोय." त्या सुनेकडे बघतात, मग आण्णांकडे. आण्णांनी ऐकलंय. त्यांच्या हातात तांब्या तसाच आहे. "जा घेऊन," ते म्हणतात. "पोटुशीला मी औषध देत न्हाई. वडलांनी सांगून ठिवलंय." त्यांच्याबद्दलचा माझा राग इथे थोडा निवळतो. कुठल्या रोग्याला हात लावू नये हे त्यांच्या वडिलांना एवढं तरी कळलं होतं. पण मग ती पहाटेपासून भिंतीशी बसली होती तेव्हाच हे तिला कुणी का सांगितलं नाही, हा प्रश्न उरतोच.

निघताना आण्णा मुलाला सात दिवसांच्या पुड्या देतात, भुईआवळीच्या. मी वहिनींना म्हणते, या आधी डॉक्टरांना दाखवू. भुईआवळीला मी हसणार नाही. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटीस बी असलेल्या ३७ जणांना ती दिली आणि २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली असं लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलं. त्या कामात बारूक ब्लमबर्गही होते, ज्यांना बी विषाणूच्या शोधासाठी १९७६ मध्ये नोबेल मिळालं. जगभर आशा वाढली. पुढे इतर ठिकाणी तसाच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो गुण दिसला नाही. झाडपाल्याला अशी कसोटी लावली गेली, याचा मला आदर वाटतो. परातीला आणि माळेला ती कुणी लावत नाही.

दवाखान्यात रविवारमुळे गर्दी कमी आहे. गरोदर मुलीला ताबडतोब आत घेतात आणि सलाईन लागतं. रक्त गोठण्याची तपासणी आधी पाठवली जाते. यकृत किती थकलंय हे डोळ्यांच्या रंगापेक्षा त्यातून लवकर कळतं. सासूबाई बाहेर बाकावर बसून नारळाची पिशवी घट्ट धरून आहेत. तो नारळ देव्हाऱ्यापुढे ठेवायचा राहून गेलाय.

मुलाचा रिपोर्ट दुपारी हातात येतो. बिलिरुबिन ६.८, निरोगी माणसात ते साधारण १.२ च्या आत असतं. यकृताची एन्झाइमं दीड हजाराच्या वर. हिपॅटायटीस ए. रक्त गोठण्याचा वेळ ठीक आहे. डॉक्टर तरुण आहेत, पण घाईत नाहीत. वहिनींना समोर बसवून ते सांगतात: या विषाणूला वेगळं औषध नाही आणि लागतही नाही. शरीरच त्याला काही आठवड्यांत हटवतं. घरचं जेवण द्या, जे जाईल ते. तेल-तूप सहन होईल तेवढं चालेल, हळदही चालेल. दारूचा थेंब नको, तापासाठी मनानं गोळी नको, पुड्याही नकोत, आजारी यकृतावर नवं काही टाकायचं नाही. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात, पाणी उकळून. आणि मुलगा दिवसा झोपाळला, असंबद्ध बोलायला लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी घेऊन या.

"म्हणजे तो बरा होणार?" वहिनी विचारतात.

"होणार," डॉक्टर म्हणतात.

आण्णांच्या गुणाचं गुपित या एका शब्दात आहे. त्यांच्या अंगणात येणाऱ्या बहुतेक तरुण पोरांना ए किंवा ई झालेला असतो आणि ती बरी होणारच असतात. हात धुवून बरी होतात, माळ घालून बरी होतात, नुसती झोपून राहिली तरी बरी होतात. बरी झालेली माणसं गावोगाव सांगत फिरतात, आणि पुढच्या रविवारी रांग वाढते. गाठ असलेले, बी किंवा सी विषाणूनं यकृत पोखरलेले, लेप्टोचे, पित्ताच्या खड्याचे रोगी त्याच रांगेत बसतात आणि त्यांचे आठवडे जातात. ती माणसं परत सांगायला येत नाहीत.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवलाय. काविळीचं नाव त्यात नाही. असावं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. आण्णांना तुरुंगात घालून त्या म्हाताऱ्यांची सोनोग्राफी होणार नाही. ती व्हायची असेल तर त्या अंगणात तालुक्याच्या आरोग्य खात्याची एक परिचारिका रविवारी आणि बुधवारी बसायला हवी, रक्ताच्या नळ्या घेऊन आणि शौचाचा रंग विचारत. रोगी शोधत फिरायची गरजच नाही, ते सगळे स्वतःहून एका ठिकाणी येऊन बसताहेत.

ज्यांच्या घरी आज कुणाचे डोळे पिवळे दिसताहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नारळ ठेवायचा तर ठेवा, पण त्याच दिवशी रक्त तपासा. गरोदर बाई असेल तर आधी दवाखाना. शौच पांढरं असेल, वजन उतरत असेल, तर सोनोग्राफीला एक दिवसही थांबू नका. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि शी पांढरी असेल, तर त्याची पित्तनलिका बंद असू शकते, आणि त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तरच चांगली साधते. हिपॅटायटीस बी आणि सी साठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.